विचारल्याशिवाय तार कापायची नाही

शकीलभाई. मारेगावच्या मेन रोडवर पंपाच्या मोटारी भरणारे शकीलभाई. माझं दुकान त्यांच्यापासून दोनशे पावलांवर आणि धंदा तोच. म्हणजे आमचं गिऱ्हाईक एकच, कधी त्यांच्याकडं जातं, कधी माझ्याकडं येतं. तरी माझं दुकान आज उघडं आहे ते या माणसामुळं, म्हणून त्यांचं नाव सगळ्यात आधी. त्यांच्या मागोमाग मेश्रामकाका आणि शेवंताबाई राठोड. या तिघांशिवाय मी एव्हाना गावी परत गेलो असतो.

हा अंक काढणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "धंद्यात सल्ला देणारी माणसं कशी जोडली ते लिहा, नव्या मुलांना उपयोग होईल." मी नववीत शाळा सोडलेला माणूस. गेल्या पंधरा वर्षांत मी खडूनं मोटारींवर गिऱ्हाइकाचं नाव आणि गाव लिहिलं, वहीत तारेचे आकडे टिपले, त्यापलीकडं काही लिहिलेलं नाही. तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या.

मी मूळचा जत तालुक्यातला, सांगली जिल्हा. आमच्या गावचा एक ठेकेदार इकडं केळापूरला कापसाच्या जिनिंगचं शेड उभं करायला आला, त्याच्याबरोबर मी आलो. शेड उभं राहिलं, ठेकेदार परत गेला, मी राहिलो. जिनिंगच्या मोटारी भरणाऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींच्या हाताखाली चार वर्षं काढली. ते वारले तेव्हा मारेगावात स्वतःचं दुकान टाकलं. इथं मला सगळे 'पुणेवाला' म्हणतात. पुणं मी एसटीच्या खिडकीतून तेवढं पाहिलंय, पण इथल्या माणसाला बुलढाण्याच्या पलीकडचं सगळं पुणंच. आधी राग यायचा. आता कुणी नावानं हाक मारली तर मी चटकन वळत नाही.

मोटार भरणं म्हणजे काय ते सांगतो. मोटारीच्या पोटात लोखंडी नळकांडं असतं, त्याला आतून उभ्या खाचा. त्या खाचांमधून तांब्याची तार ठरावीक फेरे घेऊन जाते. मोटार जळली म्हणजे ही तार जळली. आम्ही जुनी तार कापून उपसतो आणि नवी भरतो. तार किती जाड, एका खाचेत फेरे किती, आणि एका खाचेतून निघून कितव्या खाचेत शिरायचं, एवढ्या तीन गोष्टी कळाव्या लागतात. त्या कळतात जळालेल्या जुन्या तारेवरनं. न मोजता ती कापून उपसून टाकली की मोटार मुकी झाली. म्हणून प्रत्येक मिस्त्री मोजलेलं वहीत टिपून ठेवतो, आणि ती वही सख्ख्या भावालाही दाखवत नाही.

आणि मी काय केलं? दुकान टाकल्यावर दुसऱ्याच महिन्यात, घाईघाईत, एक मोटार न मोजता कापली. तारेचा चुरा भंगारात गेला आणि मग माझ्या लक्षात आलं. मी स्वभावानं घाबरट आहे, शटरचं कुलूप तीनदा ओढून बघणारा. रडायचं तेवढं बाकी होतं. शेवटी शकीलभाईंच्या दुकानासमोर जाऊन उभा राहिलो, आणि शेजारच्या टायरवाल्याचे टायर बघत असल्यासारखं करू लागलो.

"ओ पुणेवाले," शकीलभाईंनी आतूनच हाक मारली. "टायर घ्याचा आहे का काही हरवलं?"

"फेरे हरवले, भाई."

ते इतके हसले की टायरवालाही बाहेर येऊन बघायला लागला. "मोजलेच नाही? डायरेक्ट कापली? अरे, काय मानूस आहे तू." मग हसणं आवरून म्हणाले, "कंपनी कोनती? खाचा किती?" वही काढली, पानं उलटली आणि आकडे सांगितले. वर म्हणाले, "आता कापाच्या आधी कोनाले तरी विचारत जाय. मले नाही तर दुसऱ्या कोनाले. बोलतांना मानूस मोजते."

तेव्हापासून माझा नियम झाला. कोणतीही मोटार आली की कापायच्या आधी एकाला तरी विचारायचं. आता विचारायचं कुणाला, तर माणसं हवीत. ती अशी हळूहळू जमत गेली.

मेश्रामकाका वीज कंपनीतून निवृत्त झालेले वायरमन. घरच्या कूलरची मोटार घेऊन आले आणि ती झाल्यावरही येतच राहिले. स्टुलावर बसायचे, येणाऱ्याजाणाऱ्याला जय भीम घालायचे. एका गिऱ्हाइकाची मोटार तीनदा जळली होती आणि तो माझ्या दुकानात उभा राहून माझा उद्धार करत होता. काकांनी त्याला एवढंच विचारलं, "कोनत्या डीपीवर आहे तुझी लाइन?" डीपी म्हणजे शिवारातला तारांच्या खांबावरचा ट्रान्सफॉर्मर. काका त्याच्या गाडीवर बसून गेले आणि तासाभरानं हसत परत आले. तिथल्या एका फ्यूजमध्ये कुणीतरी कुंपणाची तार गुंडाळून ठेवली होती, तीनपैकी एक फेज मधूनच गायब व्हायचा. "मोटार तुझ्या टेबलावर नाही जळत बाबू, तिकडं खांबावर जळते," काका म्हणाले. तेव्हापासून विजेचं काहीही असलं की काका.

शेवंताबाई तांड्यावरच्या शेतकरी. तांड्यावर सगळे त्यांना याडी म्हणतात, म्हणजे आई, म्हणून मीही म्हणतो. पहिल्यांदा मोटार घेऊन आल्या त्या ऑटोतून, आणि मोटार खाली उतरवून तिच्यावरच बसल्या.

"याडी, परवा मिळेल. घरी जा."

"मी इथंच बसतो. तुम्ही लोक चांगली तार काढून हलकी घालता."

दिवसभर बसल्या. डबा खाल्ला, माझं काम पाहिलं, आणि जाताना म्हणाल्या, "काम चांगलं हाय तुझं. पन गिऱ्हाइकासंगं बोलतांना तू खाली पायतो. लोकायले वाटते काही लपवून राह्यला." मला कुणी हे आजवर सांगितलं नव्हतं. मी खाली बघायचो ते भीतीनं. आणखी एक त्यांनी शिकवलं. मी घाबरून सगळ्यांना 'उद्या देतो' म्हणायचो आणि मग शिव्या खायचो. त्या म्हणाल्या, "परवा सांग, उद्या दे. मंग पाय लोक कसे हासत येतात ते."

आता यात एक खुबी आहे. ज्याला जे कळतं तेच त्याला विचारायचं. काकांना गिऱ्हाइकाशी कसं बोलू हे विचारू नये, ते त्या गिऱ्हाइकाशी भांडून येतात. याडींना विजेचं विचारू नये, त्यांच्या मते सगळा दोष वीज कंपनीचाच. आणि मोटारीच्या पोटातलं विचारायचं तर शकीलभाई, दुसरं कुणी नाही.

पण ज्याला विचारायचं त्यालाच विचारायची लाज वाटावी, अशी वेळ आली.

दोन उन्हाळ्यांपूर्वीची गोष्ट. तालुक्यातल्या एका गावाची नळयोजनेची मोटार सरपंचांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून माझ्या दारात आणली. विहिरीतली मोठी मोटार, साऱ्या गावाचं पाणी तिच्यावर. सरपंच खाली उतरले ते तापलेलेच.

"पुणेवाले, हे मोटार त्या शकीलनं दोनदा भरली. दोनदा जळली. गाव टँकरच्या मागं पळून राह्यलं. आता तुमच्याकडं देतो. पन तिसऱ्यांदा जळली तर मी तुमच्या दोघायच्याही दुकानासमोर खुर्ची टाकून बसतो आन येनाऱ्या हरेक मानसाले वापस पाठवतो."

गंमत म्हणून बोलले नव्हते ते. आमच्या धंद्यात पाटीला किंमत नसते, तोंडी नावावर चालतं. एवढ्या मोठ्या गावाची मोटार हातून जळली तर आठ दिवसांत सारा तालुका ओळखतो. मग मी कुठं जाणार? नववीत शाळा सोडलेला माणूस, घरापासून सहाशे किलोमीटरवर, बायको आणि मुलगी इथल्याच झालेल्या. मला या एका कामाशिवाय दुसरं काही येत नाही.

मोटार खोलली. नियमाप्रमाणं आता कुणाला तरी विचारायचं. पण ही मोटार आधी भरली कुणी? शकीलभाईंनी. त्यांच्या हातून काढून माझ्याकडं आणली. त्यांना जाऊन विचारणं म्हणजे जखमेवर मीठ. मी काकांना फोन केला. ते म्हणाले, "तीन-चार दिवसांत त्या गावाले जाऊन डीपी पाहून येतो, थांब तवर." थांबायला धीर कुणाला होता? सरपंचांचा माणूस दर दोन तासांनी फोन करत होता. मी नीट मोजलं. प्रत्येक खाचेत बारा फेरे. दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं, आणि कापली. या वेळी मोजून कापली, म्हणून मनाला समाधान.

बाराच्या हिशेबानं सगळी मोटार भरली. तीन दिवसांचं काम. पाण्याच्या टाकीत ठेवून चालवली तर झकास फिरली. फक्त करंट थोडा जास्त खात होती. थोडाच. नवीन भरलेली आहे, बसेल जाग्यावर, असं मी स्वतःला समजावलं. पण त्या दिवशी डबा उघडला नाही.

नेमक्या तेव्हाच याडी स्टार्टर घेऊन आल्या होत्या. डबा तसाच बघून म्हणाल्या, "घरी भांडन केलं का?"

एवढ्यात काका आले, डीपी पाहून. स्टुलावर बसले, पाणी प्याले. "तिथं आता जुनी डीपी नाही राह्यली बाबू. विहिरीच्या जवळच नवी बसवली, गेल्या दिवाळीच्या आंदी. वोल्टेज आता फुल. पहिले तिथं बल्ब लावला तर विडी पेटल्यावानी दिसे."

"मग मोटार जळते कशानं? वोल्टेज चांगलं झालं तर चांगलंच की."

"ते मले नाही समजत. मी तारेच्या बाहेरचा मानूस. आतलं शकीलले विचार."

मी जागचा हललो नाही. याडींनी माझ्याकडं पाहिलं. "काहून रे, जात काहून नाही?"

"त्यांचं काम माझ्याकडं आलंय, याडी. कोणत्या तोंडानं जाऊ?"

"ईदले त्याच्या घरी शीरखुर्मा खाल्ला ना, त्याच तोंडानं."

दोनशे पावलं मी त्या दिवशी चाललो ती मला अजून लक्षात आहेत. शकीलभाई चहा पीत होते. मला बघून त्यांनी दुसरा कप मागवला नाही.

"या. गावाची मोटार नेली म्हनते तुम्ही." एरवी ते मला अरे-तुरे करायचे.

"नेली नाही भाई, आणून टाकली दारात."

"हं. फेरे किती मोजले?"

"बारा."

त्यांनी कप खाली ठेवला. मला वाटलं, आता म्हणणार, जा बाबा तुझं तू बघ.

"बारा माझे आहेत," ते म्हणाले. "कंपनीचे चौदा."

मग त्यांनी सांगितलं. चार वर्षांपूर्वी ती मोटार पहिल्यांदा त्यांच्याकडं आली तेव्हा त्या गावात वोल्टेज मरतुकडं होतं. मोटार पाणीच उचलायची नाही, नुसती घुमायची. लोक मिस्त्रीला शिव्या द्यायचे. त्यांनी प्रत्येक खाचेतले दोन फेरे कमी केले. फेरे कमी केले की मोटार कमी वोल्टेजवरही जोर धरते. आमच्याकडं हे बरेच मिस्त्री करतात, गाव खूश होतं. पण त्याच मोटारीला पुढं पूर्ण वोल्टेज मिळालं तर ती गरजेपेक्षा जास्त करंट ओढते आणि आतल्या आत तापून जळते.

"नवी डीपी बसली हे मले कोनी सांगतलं नाही," शकीलभाई म्हणाले. "आन मी बी विचारलं नाही. मोटार जळून आली, वही काढली, बारा पाह्यले, बारा भरले. दुसऱ्यांदा जळली, तेव्हा लोकायनं तुझ्याकडं नेली. दुसऱ्याची वही पाहून फसलो असतो तं बरं वाटलं असतं. मी माझीच पाहून फसलो." मग माझ्याकडं वळले. "तू काय भरले?"

"बाराच."

"मंग उपस. चाल, मी येतो."

आणि ते खरंच आले. स्वतःचं दुकान अर्धं ओढून घेतलं, कंपनीचे जुने आकडे असलेली वही काखेत मारली, आणि माझ्या टेबलाशी बसले. तीन दिवसांची माझी मेहनत आम्ही दोघांनी मिळून उपसून काढली. मग तेवढ्याच खाचेत चौदा मावावेत म्हणून एक नंबर बारीक तार घेऊन चौदाचं भरणं सुरू केलं. ते खाचेत तार बसवायचे, मी फेरे मोजायचो, मोठ्यानं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काम चाललं. चहावाला कप ठेवता ठेवता म्हणाला, "दुकान एक केलं काय, शकीलभाई?" ते म्हणाले, "नाही बे. पुणेवाल्याले मोजता येत नाही, शिकवून राह्यलो."

मोटार विहिरीत उतरवायला मी आणि काका गेलो तेव्हा शकीलभाई स्कूटरवर मागून आले. अर्धं गाव विहिरीवर. साखळीनं मोटार खाली सोडली, बटण दाबलं. मी करंट मोजायचा मीटर तारेला लावला आणि काट्याकडं बघायची हिंमत होईना, म्हणून काकांना म्हणालो, तुम्ही वाचा. काकांनी वाचलं. बरोबर होता, जेवढा पाहिजे तेवढाच. दहा मिनिटांनी तेवढाच, तासाभरानंही तेवढाच. टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला तशा बाया घागरी घ्यायला पळाल्या.

सरपंचांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "पाहा, याले म्हनते हात. नाहीतर तो शकील."

शकीलभाई चार हातांवर उभे होते. मला बोलायला हवं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं, पण लोकांच्या नजरा माझ्यावर होत्या, आयुष्यात पहिल्यांदा कौतुकाच्या, आणि मी गप्प बसलो. त्याची बोचणी अजून आहे.

तेच पुढं आले. "सरपंच, एक मिनिट. दोन फेरे कमी करून मोटार मी भरली होती, तुमचं वोल्टेज कमी होतं म्हनून. डीपी बदलली तं मी फेरे बदलले पाह्यजे होते. नाही बदलले. म्हनून जळली. वायरची गलती नाही, डीपीची नाही. माझी."

मग एक म्हातारा म्हणाला, "म्हंजे दोनदा आमाले टँकरच्या मागं तू पळवलं?"

"हाव. मीच."

सरपंचांनी मान फिरवली. त्या गावाचं काम त्यानंतर शकीलभाईंकडं गेलं नाही, ते माझ्याकडं येतं. परतताना रस्त्यात मी गाडी आडवी घालून विचारलं, "भाई, कशाला सांगितलंत? कुणाला कळलं नसतं."

"तुले तं कळलं होतं ना. मी लपवलं असतं, तं उद्या तू मले काही विचारतांना मनात म्हनला असता, हा मानूस आपलं झाकून ठेवते. मंग तू विचारनं बंद केलं असतं. आन मी तुले विचारनं बंद केलं असतं. मंग दोघं बी आपापली वही पाहून जळवत बसलो असतो." त्यांनी स्कूटरला किक मारली. "आन त्या डीपीवर माझ्या बारा फेऱ्यायच्या अजून तीन मोटारी आहेत. त्या मानसायले सांगाव नाही लागन का?"

त्यांनी तिन्ही शेतकऱ्यांना सांगितलं आणि मोटारी आणवून चौदा फेऱ्यांनी भरून दिल्या. त्यातली एकही जळली नाही.

पुढच्या हंगामात याडींनी स्वतःची मोटार माझ्या दारावरून पुढं नेली. मी बघतच राहिलो. येताना त्या माझ्याकडं थांबल्या. "रागावू नको. जो चारचौघात आपली गलती सांगते, त्याच्याकडं मोटार ठेवून मले घरी जाता येते. तुझ्याकडं दिवसभर बसा लागते." चारचौघात चूक सांगितल्यानं त्या एका गावाशिवाय शकीलभाईंचं गिऱ्हाईक सुटलं नाही, उलट तांड्यावरचं सगळं त्यांच्याकडं गेलं. माझंही चाललं आहे. रोडवर दोन दुकानं आहेत, दोन्ही उघडी आहेत, आणि आता कोणतीही अवघड मोटार आली की ती दोन्हीकडं बघितली जाते. नवीन मुलांना मी हेच सांगीन. हुशार माणसं शोधत बसू नका. जो स्वतःचं चुकलेलं सांगतो त्याला धरून राहा, मग तो समोरच्या दुकानात बसत असला तरी.

हे लिहायच्या आधी मी शकीलभाईंना विचारलं. म्हणाले, "लिही. पन माझी गलती आंदी लिही, मंग तुझी हुशारी." तसं लिहायचा प्रयत्न केला आहे. पण माझी हुशारी म्हणून लिहायला फार काही निघालं नाही, आणि एक गोष्ट मी त्यांनाही अजून सांगितलेली नाही.

या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर बाभुळगावहून एका मुलीचा फोन आला. नवीनच दुकान टाकलं आहे तिनं, मोटार भरायचं. म्हणाली, "काका, एक मोटार आली आहे, शेतकरी म्हणतो तुमच्या हातची आहे. तार बारीक दिसून राहिली मले. तुम्ही कायले बारीक घातली? काही कारण असन तं मी बी तशीच घालते." कारण काहीच नव्हतं. त्या दिवशी बरोबर नंबरची तार संपली होती, शेतकरी दारात उभा होता, मी भीतीनं होती ती घातली आणि नंतर सांगू म्हणून राहून गेलं. फोनवर मी तिला म्हणालो, "बघून सांगतो." अजून सांगितलेलं नाही. वाट पाहून तिनं माझ्यावर विश्वास ठेवून तशीच भरली. पावसात मोटार चालत नाही, म्हणून ती टिकून आहे. हरभऱ्याला पाणी सुरू झालं, मोटार सतत चालली की बारीक तार तापून जळणार, आणि नाव त्या मुलीचं जाणार, नुकतंच कुठं होऊ घातलेलं.

शकीलभाई, तुमचं मी कसं फेडू म्हणून त्या दिवशी रस्त्यात विचारलं होतं. तुम्ही नुसता हात हलवून गेलात. कसं फेडायचं, म्हणजे आपलंही चुकलेलं असंच चारचौघांत सांगून, ते मला तेव्हाही कळलं होतं, फक्त पाय उचलत नव्हता. हरभऱ्याचं पाणी सुरू व्हायच्या आधी मी बाभुळगावला जाईन. त्या मुलीला आणि त्या शेतकऱ्याला, तिच्याच दुकानात, ऐकणारे असतील त्यांच्यासमोर सांगीन की तार माझी बारीक होती, आणि मोटार तिथंच बसून माझ्या हातानं भरून देईन. तुम्ही सोबत येतो म्हणाल, पण या वेळी येऊ नका. हे सगळं छापायला दिलंय ते याचसाठी, की आता मला न जाता राहता येऊ नये.